एका चिनी चिन्हाचं मूळ कसं शोधायचं : 'ह्वा'च्या निमित्ताने

एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेची, तिसरी पातळी पास झाले तेव्हा मला वाटत होतं, आता चिनी येतं. त्याच महिन्यात एका साखरपुड्यासाठी सोलापूरला जाणं झालं. काकांनी चीनमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरच्या लेखाचं एक जुनं कात्रण जपून ठेवलं होतं. त्यात त्यांचं चिनी नाव छापलं होतं, तीन चिन्हांचं. "एवढं शिकलीस, तर ह्याचा अर्थ सांग की," काका म्हणाले.

पहिली दोन चिन्हं मला ओळखता आली नाहीत. तिसरं ओळखीचं होतं. मी त्याची फोड केली : डावीकडे माणूस, उजवीकडे चमचा, खाली दहाचा आकडा. "दहा माणसं एकत्र जेवतायत, म्हणजे बंधुभाव," मी ठोकून दिलं. काका खूश. साखरपुड्यात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं.

चार महिन्यांनी कळलं, त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. त्या चिन्हात जेवणारी माणसं नाहीत, चमचा नाही आणि दहाचा आकडासुद्धा नुसता भरीला आहे. पुढच्या पायऱ्या मी त्या फजितीनंतर शिकले. चिनी चिन्हाचा अर्थ आणि उगम शोधायचा असेल, मग तो नावासाठी असो, अभ्यासासाठी असो की गोंदवून घेण्याआधीची खात्री म्हणून असो, हा क्रम धरा. उदाहरण त्याच तिसऱ्या चिन्हाचं घेते : 'ह्वा' (आजचं सोपं रूप 华, पारंपरिक 華).

हाताशी काय हवं

कागद आणि पेन्सिल. हे चेष्टेने सांगत नाही. चिन्ह हाताने काढल्याशिवाय त्याचे भाग दिसत नाहीत.

फोनवर चिनी हस्ताक्षराचा कीबोर्ड. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत फुकट मिळतो. प्लेको हा कोश, त्याची साधी आवृत्तीही फुकट आहे. ब्राउझरमध्ये तीन ठिकाणं खूण करून ठेवा : इंग्रजी विक्शनरी, जुन्या ग्रंथांसाठी चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट, आणि चिन्हांच्या प्राचीन आकृत्यांसाठी हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीचा चिन्हकोश. शेवटचा बराचसा चिनीतच आहे, पण आकृत्या बघायला भाषा लागत नाही.

चिनी यायलाच हवं असं नाही. धीर मात्र हवा.

पायरी १ : चिन्ह नेमकं कोणतं, ते पक्कं करा

फोटो असेल तर भाषांतराच्या अ‍ॅपमधून काढा, आणि मग त्याच्यावर विश्वास न ठेवता तेच चिन्ह बोटाने कीबोर्डवर काढून बघा. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर पुढे जा. कुंचल्याने लिहिलेल्या सुलेखनात हा घोळ हमखास होतो, कारण रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात. मोडीचा कागद पहिल्यांदा हातात आल्यावर आपलं जे होतं तेच.

जुन्या छापील कोशात रेघा मोजून शोधायची पद्धत आहे. तिथे एक खड्डा आहे. आपल्या 'ह्वा'च्या पारंपरिक रूपाच्या रेघा जपानी मोजणीत १० भरतात, तैवानच्या मोजणीत १२, आणि चीनमधल्या आजच्या सोप्या रूपात फक्त ६. तेव्हा कोश कुठला आहे ते आधी बघा.

पायरी २ : सोप्या रूपावर थांबू नका, पारंपरिक रूप काढा

माझी फजिती इथेच झाली. चीनमध्ये १९५६ साली चिन्हं सोपी करण्याची सरकारी योजना जाहीर झाली आणि शेकडो चिन्हांच्या रेघा कमी केल्या गेल्या. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी रूपं चालू राहिली. तुम्ही मूळ शोधताय आणि हातात १९५६ नंतरचं रूप आहे, म्हणजे वाड्याचा नकाशा काढायला निघालात आणि मोजताय त्या जागी बांधलेला ब्लॉक.

'ह्वा'चं सोपं रूप असं आहे : वर दोन भाग शेजारी-शेजारी, खाली अधिकच्या खुणेसारखं दहाचं चिन्ह. वरचे दोन भाग मिळून 'बदलणे' या अर्थाचं एक वेगळंच चिन्ह होतं. त्याचा उच्चारही 'ह्वा', फक्त सूर पडता (चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो). सोपं करणाऱ्यांनी ते उच्चारासाठी बसवलं, अर्थासाठी नाही. आणि मी ज्याला चमचा म्हटलं तो भाग त्या चिन्हात मुळात उलटा झालेला माणूस आहे : एक सरळ, एक उलटा, म्हणून 'बदल'. म्हणजे मी दोनदा चुकले होते.

आता पारंपरिक रूप : वर गवताच्या पात्यांचा मुकुट, त्याखाली वरपासून तळापर्यंत उतरणारी एक उभी रेघ, तिला आडव्या छेदणाऱ्या रेघा आणि दोन्ही बाजूंना छोट्या फांद्या. काढून बघा. झाड दिसायला लागतं.

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उलट्या बाजूने फसाल. सोपं रूप दर वेळी नवंच असतं असं नाही. 'ढग' या चिन्हाचं सोपं रूपच अधिक प्राचीन आहे. त्याच्या डोक्यावर 'पाऊस' नंतर चढवला, आणि सोपं करताना तो उतरवला. म्हणून पारंपरिक रूप काढायचं, पण त्यालाही मूळ समजायचं नाही. खरं मूळ पाचव्या पायरीत आहे.

पायरी ३ : आजचे अर्थ आणि सगळे उच्चार लिहून काढा

कंटाळवाणी पायरी आहे, उरकून टाका. प्लेकोत चिन्ह टाका आणि एकूण एक उच्चार वहीत उतरवा, सुरासकट. 'ह्वा' चढत्या सुरात असेल तर तेजस्वी, वैभव, आणि चीन. चीनच्या अधिकृत नावात 'झोंग-ह्वा' आहे, तैवानच्याही आहे. पडत्या सुरात तेच चिन्ह शाआन्शी प्रांतातल्या प्रसिद्ध ह्वा पर्वताचं नाव होतं, आणि एक आडनावही. सपाट सुरात जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ सरळ 'फूल'.

सापळा : परक्या नावात चिन्ह नुसत्या आवाजासाठी येतं. चिनी थर्मामीटरवर फॅरनहाइटला 'ह्वा-शृ' म्हणतात, म्हणजे 'ह्वा यांचं'. फॅरनहाइट या आडनावाचा चिनी उच्चार 'ह्वा'ने सुरू होतो, एवढंच कारण. तिथे फुलं शोधू नका.

पायरी ४ : चिन्ह कोणत्या जातीचं, ते ठरवा

ही पायरी टाळणाऱ्यांनीच समाजमाध्यमांवरच्या निम्म्या गोष्टी रचल्या आहेत. चिनी परंपरेत चिन्हांचे सहा प्रकार मानतात. नवख्याला चार पुरतात.

चित्र : वस्तूचंच रेखाटन. सूर्य, चंद्र, झाड, घोडा.

खूण : वर, खाली, एक, दोन, असं ज्याचं चित्र काढता येत नाही ते खुणेने दाखवलेलं.

जोडअर्थ : दोन चित्रं मिळून तिसरा अर्थ. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती'.

अर्थ अधिक उच्चार : एक भाग विषय सांगतो, दुसरा आवाज. ऐंशी टक्क्यांहून अधिक चिन्हं याच जातीची आहेत, आणि नेमकी हीच जात लोकांना आवडत नाही, कारण तीत गोष्ट नसते. 'आई' या चिन्हात डावीकडे 'स्त्री' आणि उजवीकडे 'घोडा' आहे. घोड्याचा उच्चार 'मा', आईचा उच्चारही 'मा'. संपलं. यावरून चिनी लोक आईला घोडी समजतात असं ठरवणारे मला भेटले आहेत.

आणखी एक वाट आहे, उसनवारीची. ज्या शब्दाला चिन्हच नाही त्याच्यासाठी सारख्या उच्चाराचं दुसरं चिन्ह उसनं घ्यायचं. 'पूर्व दिशा' हे चिन्ह याचा नमुना. 'झाडामागून उगवणारा सूर्य' असं त्याचं वर्णन दोन हजार वर्षं चालत आलंय, वर्गातही अजून सांगतात, आणि लक्षात ठेवायला ते झकास आहे. पण सर्वांत जुन्या आकृत्यांत तिथे सूर्य नाहीच. दोन्ही टोकांना बांधलेलं पोतं आहे, आणि दिशेसाठी ते उच्चारावरून उसनं घेतलंय. लक्षात ठेवायची युक्ती आणि उगम हे दोन वेगळे रकाने आहेत. वहीत तसे दोन रकानेच आखा.

पायरी ५ : जुन्या आकृत्या बघा, आणि श्यू शनचं मत त्याच्या शेजारी ठेवा

आता खरी मजा.

चिन्हांच्या उगमाचा पहिला मोठा कोश म्हणजे 'शुओवन च्येत्स'. हान राजवटीतल्या श्यू शन या पंडिताने तो इसवी सन १००च्या सुमारास लिहून पुरा केला आणि १२१ साली त्याच्या मुलाने तो सम्राटाला सादर केला. ९,३५३ चिन्हं, ५४० गटांत लावलेली. आजही कुठल्याही चिन्हाच्या उगमाची चर्चा त्याच्यापासूनच सुरू होते. चायनीज टेक्स्ट प्रोजेक्टवर तुमचं चिन्ह टाकलंत तर त्याची नोंद मिळते.

पण श्यू शनच्या समोर होतं ते ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात छिन राजवटीने एकसारखं करून घेतलेलं मुद्रालेखनातलं, म्हणजे शिक्क्यांवर दिसतं त्या वळणाचं, रूप. त्याच्याही हजार वर्षं मागची चिन्हं, शांग काळात कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या खांद्याच्या हाडांवर कोरलेली, त्याच्या काळी जमिनीखाली होती. ती विद्वानांच्या नजरेस आली १८९९ साली, आणि ती जिथे सापडली त्या आन्यांगजवळ पद्धतशीर उत्खनन सुरू झालं १९२८ साली. त्यामुळे श्यू शन कितीही मोठा असला तरी काही ठिकाणी त्याचा अंदाज चुकला आहे, आणि ते आपल्याला हाडांमुळे कळतं. मला यात त्याचा कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मोडी लिपी हेमाडपंताने लंकेहून आणली असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. श्यू शन त्याच्यापेक्षा कितीतरी सावध होता.

याचं गाजलेलं उदाहरण 'युद्ध, पराक्रम' हे चिन्ह. त्यात 'थांबणे' आणि 'परशूसारखं शस्त्र' असे दोन भाग आहेत. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये लढाई जिंकल्यावर छू राज्याच्या च्वांग राजाने म्हटल्याची नोंद आहे की शस्त्र थांबवणं हाच खरा पराक्रम, चिन्हच तसं सांगतं. श्यू शनने ते तसंच उचललं. विचार सुंदर आहे. पण 'थांबणे' या चिन्हाची सर्वांत जुनी आकृती म्हणजे पाऊल, आणि शस्त्राशेजारी पाऊल म्हणजे चाल करून जाणारा सैनिक. अर्थ जवळजवळ उलटा झाला. तरी राजाचं वाक्य खोटं पडत नाही. ते उगम म्हणून चुकीचं आहे, चिनी विचाराचा भाग म्हणून खरं आहे.

'ह्वा'च्या बाबतीत सुदैवाने एवढी ओढाताण नाही. चिन्हकोशात पश्चिम चौ काळातल्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, काशाच्या भांड्यांवरची आकृती उघडा : मधोमध देठ, वरून दोन्ही बाजूंना झुकलेला फुलोरा. डोक्यावरचं गवत तिथे नाही, ते नंतर आलं. श्यू शनच्या मते खालच्या भागात उच्चार सुचवणारा घटकही आहे. अर्थ त्याने दिला तो फुलण्याचा, बहरण्याचा. श्यू शनच्याही आधीच्या 'अर्‌या' या शब्दसंग्रहात आणखी बारीक फरक केलाय : झाडाला येतं ते 'ह्वा', गवताला येतं ते 'रोंग'. हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं. आंब्याला मोहोर, उसाला तुरा, केळीला केळफूल. सगळ्यालाच फूल म्हणणारा माणूस शहरातला, हे आपण लगेच ओळखतो.

या पायरीवरचा सापळा : विक्शनरीत किंवा चिन्हकोशात एकाच काळातल्या पाच-सहा आकृत्या दिसतात. त्यातली तुमच्या गोष्टीला सोयीची तेवढी उचलू नका. सगळ्या बघा, आणि बहुतेकींत काय समान आहे ते लिहा.

पायरी ६ : फुलापासून देशापर्यंत अर्थ कसा गेला, ते वापरात बघा

आकृती फक्त सुरुवात सांगते. अर्थ पुढे कसा सरकला ते वाक्यांत सापडतं. चायनीज टेक्स्ट प्रोजेक्टवर चिन्ह शोधलंत की प्राचीन ग्रंथांतली वाक्यं येतात, पुष्कळांना इंग्रजी भाषांतरही आहे. पाच-सहा वाचा, जास्त नको.

फूल, मग फुलासारखं झगमगणारं, मग वैभव, संस्कृती. देशाच्या अर्थाबद्दल दोन मतं सापडतील. थांग काळातला भाष्यकार खोंग यिंगदा (५७४–६४८) म्हणतो, वस्त्रप्रावरणाच्या सौंदर्यामुळे या लोकांना 'ह्वा' म्हणतात. १९०७ साली चांग थाइयान या विद्वानांनी ते नाव ह्वा पर्वताशी जोडलं. मला पहिलं मत अर्थाच्या ओघात बसणारं वाटतं, पण वहीत दोन्ही लिहून ठेवलीत. अशा ठिकाणी एकच उत्तर ठासून सांगणारा व्हिडिओ दिसला की पुढे सरका.

मोठ्या अर्थाने लहान अर्थाला घराबाहेर काढलं, असंही इथे झालं. 'ह्वा' वैभवाला आणि देशाला लागू लागल्यावर साध्या फुलासाठी वेगळं चिन्ह हवं झालं. दक्षिण आणि उत्तर राजवटींच्या काळात (४२०–५८९) ते रुळताना दिसतं : वर गवत, खाली 'बदलणे'वालं चिन्ह, उच्चारासाठी. आजचं चिनी 'फूल' ते हेच. म्हणजे १९५६ साली उच्चारासाठी जो भाग निवडला, तोच भाग चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच कामाला निवडला होता. हे कळल्यावर सोप्या रूपावरचा माझा राग बराच उतरला. जपानने जुनं नातं अजून जपलंय; तिथे पुष्परचनेच्या कलेला 'कादो' म्हणतात, आणि त्यातला 'का' म्हणजे हाच 'ह्वा', जुन्या रूपात.

पायरी ७ : चिन्ह नावातलं असेल, तर आवाज आणि अर्थ वेगळे काढा

भारतीय नावं चिनीत लिहायची परंपरा जुनी आहे. श्वान-त्सांग, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला चिनी प्रवासी ह्युएन त्संग, याने ६४६ सालच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्राचं नाव लिहिलं, तेव्हा 'महा'साठी घेतलेल्या दोन चिन्हांचे अर्थ आहेत 'चोळणे' आणि 'खडसावणे'. आपल्याबद्दलचं ते मत नव्हे. फक्त आवाज.

कोटणीसांचं नाव 'ख ती-ह्वा'. रोमन लिपीतून आलेलं 'के दिहुआ' आपल्याकडे छापतात, पण चिनीच्या रोमन लेखनातला 'डी' आपल्या 'त'च्या जवळचा आहे. तो तसा उच्चारला की 'ख-ती'मागचं 'कोटणी' ऐकू येतं. 'ख' हे खरंखुरं चिनी आडनाव आहे. 'ती' म्हणजे फुलणारं एक झुडूप, सहसा चेरीच्या जातीचं मानतात. आणि 'ह्वा' कोटणीस या आडनावातून आलेलाच नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी तो आहे : अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. एकाच आईच्या मुलांच्या नावांत एक चिन्ह सारखं ठेवायची चिनी रीत आहे, तसं.

मग मी 'ती' आणि 'ह्वा' एकत्र शोधले, आणि चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातली, 'श-चिंग'मधली, एक कविता समोर आली. तिची पहिली ओळच 'ती'च्या फुलांची आहे. 'ह्वा' तिथे त्याच्या पहिल्या अर्थाने, फूल म्हणून आलाय. पुढे कवी म्हणतो, आजच्या माणसांत भावासारखं कुणी नाही. या कवितेमुळे 'ती' हे चिन्ह पुढे पत्रांतून 'भाऊ' या अर्थाने वापरलं जाऊ लागलं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात ती ओळ होती की नाही, हे चिन्हांवरून सिद्ध होत नाही. चिनी वाचकाला ती आठवू शकते, एवढंच म्हणायचं.

सोलापूरला मी ठोकून दिलेला 'बंधुभाव' असा मागच्या दाराने परत आला. पण चुकीच्या चिन्हातून, चुकीच्या कारणाने, त्यामुळे त्याचे गुण मिळत नाहीत.

पायरी ८ : नोंद करा, आणि नोंदीत शंकाही लिहा

माझ्या वहीतली नोंद अशी आहे. तुमच्या चिन्हासाठी हेच रकाने वापरा.

चिन्ह : ह्वा, पारंपरिक रूप (शेजारी हाताने काढलेलं), सोपं रूप खाली.
उच्चार : चढता सूर, पर्वत आणि आडनाव पडत्या सुरात, जुन्या ग्रंथांत 'फूल' सपाट सुरात.
जात : मुळात फुलोऱ्याचं चित्र, खाली उच्चाराचा घटक (श्यू शनचं मत). सोप्या रूपात उच्चाराचाच भाग.
सर्वांत जुनं रूप पाहिलं ते : पश्चिम चौ, काशाच्या भांड्यावरचं.
अर्थाचा प्रवास : फूल, बहर, वैभव, चीन. शेवटच्या टप्प्याबद्दल दोन मतं.
लक्षात ठेवायची युक्ती (उगम नव्हे) : गवताचा मुकुट घातलेलं झाड.
नावात : कोटणीसांच्या नावात अर्थासाठी, फॅरनहाइटमध्ये आवाजासाठी.

ही नोंद मी काकांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांच्या मुलाचं नाव काय ठेवलं होतं गं?" यिन-ह्वा. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मला, ९ डिसेंबरला कोटणीस गेले तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. त्याचं नाव सेनानी न्ये रोंगझन यांनी ठेवलं : 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. 'यिन'चं चिन्ह मुळात गुडघे टेकलेल्या माणसाला दाबणारा हात, त्यावरून दाबून उमटवलेला शिक्का, आणि 'यिन-तू', म्हणजे इंडिया, यात फक्त आवाज. 'यिन-तू' हाच उच्चार बरोबर, असं सांगणारा तोच श्वान-त्सांग.

"मग सगळ्यांना परत फोन करावे लागतील," काका म्हणाले. साखरपुड्याला दोनशे माणसं होती.